आमचा वीर पाण्यात उतरत नाही

धुळवडीला आमच्या निंबाळे गावात घरोघरचे वीर नदीवर जातात. घराण्यातलं जे माणूस अवेळी गेलं, कुणी लढाईत, कुणी जनावराच्या तोंडी, त्याचा चांदीचा टाक देवघरात असतो. तीन बोटांचा पत्रा, त्यावर ठसा मारून उठवलेली आकृती, आणि पत्रा दबू नये म्हणून मागून भरलेली लाख. वर्षातून एकदा तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, डफाच्या ठेक्यावर नाचवत न्यायचा आणि नदीत न्हाऊ घालून परत आणायचा. सगळ्यांचे वीर न्हातात. आमचा, बोरगुड्यांचा, न्हात नाही. तो काठापर्यंत जातो, डफ थांबतो, आणि तिथूनच माघारी. कळशीत पाणी आणायचं, घरी चार थेंब शिंपडायचे, झालं.

सून म्हणून आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, असं का. त्या म्हणाल्या, "आपला वीर घोड्यावरचा सरदार आहे. रणात रक्तानं न्हालेल्याला नदीचं काय कौतुक?" टाकावर घोडा होताच, वर भाला घेतलेला स्वार होता. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. पुढे एकसष्ट वर्षं मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आले, आणि ऐकवताना मान जरा वरच ठेवली.

माझा थोरला, अशोक, सोळाव्या वर्षी तो वीर घेऊन नाचताना काठावर कोसळला, तो उठलाच नाही. गाव म्हणालं, विरानं पोरगा मागून घेतला. आई म्हणून मला काहीतरी धरायला हवं होतं. मी ते धरलं.

धाकट्याचं नाव प्रल्हाद. त्याची मुलगी गार्गी, तेरा वर्षांची, अंगानं काडी, आणि खो-खोत अशी पळते की समोरच्या पोरीच्या हातात नुसती हवा यावी. राज्याच्या संघात निवड व्हायची होती. हल्ली खेळणाऱ्या पोरी अंगात जाळीचं बनियन घालतात, ते हृदयाचे ठोके मोजत असतं. मार्गशीर्षातल्या सामन्यात गार्गी खांबाला वळसा घालून निघाली आणि मध्येच पाय दुमडून पडली. शिक्षिका धावत पोचायच्या आत बनियनानं दवाखान्यात कळवलंसुद्धा. अर्ध्या मिनिटानं पोर उठली आणि म्हणाली, "मी आउट नाही ना झाले?"

घरी मी सुनेला ऐकवलं, "शीतल, आमच्या घराण्यात असलं काही नाही. तुझ्या माहेरी विचार."

शीतल म्हणाली, "विचारते, आई." एवढंच. तिचं हे गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

*

नाशिकला डॉक्टर नसीमा तडवी म्हणून आहे. वय पस्तीस असेल नसेल, पण माझ्याशी बोलताना खुर्ची पुढे ओढून बसली, म्हणून मी तिचं ऐकलं.

"आजी, आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. तीनशे कोटी अक्षरांचा. गार्गीच्या मजकुरात एका जागी एक अक्षर बदललंय, आणि ती जागा हृदयाची आहे. हृदय एक ठोका देतं, मग पुढच्या ठोक्यासाठी त्याला पुन्हा तयार व्हावं लागतं. त्यासाठी पेशींना बारीक दारं असतात. हे अक्षर त्या दाराचं."

"मग दार मोडलंय का?"

"तेच कळत नाही. हा बदल आजवर जगात कुणाच्यात नोंदलेला नाही. तो नुसताच वेगळा असेल, जसं माझं नाक वेगळं. किंवा मग दार नीट उघडत नसेल, आणि जोरात धावताना, पोहताना, नाचताना ठोक्यांचा ताल एकदम सुटत असेल. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तपासणीत ते दिसेलच असं नाही."

"मग घातकच धरा आणि औषध द्या."

"उगाच धरलं तर एका निरोगी मुलीला जन्मभर आजारी ठरवलं. उगाच सोडलं तर…" तिनं गार्गीकडे पाहिलं. "पक्कं कळेपर्यंत धावायचं नाही."

गार्गी बाकड्यावर बसली होती. "म्हणजे किती दिवस?" तिनं विचारलं.

सगळ्यांचं रक्त घेतलं. माझ्यात तो बदल नव्हता. मी खूश होऊन शीतलकडे पाहिलं. तिच्यातही नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी रीत तिच्यात आहे. बदल होता प्रल्हादमध्ये. एक्कावन्न वर्षांचा बाप्या, द्राक्षांचे क्रेट दोन-दोन उचलतो, कधी शिंकला नाही.

"काहींना आयुष्यभर काहीच होत नाही," तडवी म्हणाली. "म्हणूनच तर पेच आहे. आता तुमचं सगळं घराणं वाचावं लागेल. कोण कुणाचं, आणि कोण अवेळी गेलं."

तिच्याकडे एक यंत्र होतं, तिथली मुलं त्याला वेल म्हणायची. माणसं आणि नाती सांगत गेलं की भिंतीवर वेल वाढत जातो, आणि कोणता बदल कुठल्या फांदीनं खाली उतरला असेल याचा हिशोब तो मांडतो. प्रल्हादनं मोठ्या ऐटीत भाटाची वही नेली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाट येऊन वंशावळ वाचून जायचा, त्याची ही नक्कल. अकरा पिढ्या, सगळे बाप्ये. बायकांचं एवढंच: कन्या दोन, दिल्या. कन्या एक, दिली.

मी म्हटलं, "हे अर्धंच घराणं आहे. ती बाजूला ठेव आणि मी सांगते ते लिही."

मी चौथी शिकले. पण कुणाच्या बाळंतपणाला कोण गेलं, कुणाची ओटी कुणी भरली, कुणाच्या लग्नात कुणाची मावशी रुसून बसली, हे सगळं माझ्या डोक्यात जागच्या जागी आहे. सासूबाईंनी मला सांगितलेलं, त्यांना त्यांच्या सासूनं. सलग दोन दुपारी मी सांगत होते. तडवीच्या हाताखालची पोरं पाणी विचारायची विसरली. भिंतीवरचा वेल बघता बघता दुप्पट झाला.

"आता अवेळी गेलेल्यांना लाल करते," ती म्हणाली.

भाटाच्या वहीतल्या फांद्यांवर लाल पानं दोन. माझ्या तोंडून आलेल्या फांद्यांवर सात. दिलेल्या मुलींची मुलं, नातवंडं. दुसऱ्या घरची म्हणून आम्ही कधी मोजलीच नव्हती.

"ही कशी गेली?" तडवीनं एका पानावर बोट ठेवलं.

ती मंदा होती. माझ्या नणंदेची, वत्सलाची मुलगी. अकरा वर्षांची.

"विहिरीत बुडाली," मी म्हटलं. "पोहायला चांगलं यायचं तिला." आणि हे बोलून झाल्यावर मीच ते ऐकलं.

तडवी हळूच म्हणाली, "आजी, तिच्या आईचं रक्त लागेल. आणि अवेळी गेलेल्यांपैकी कुणाचा केस, दात, काहीही जपलेलं असेल तर सगळ्यात मोठा पुरावा."

"आम्ही जाळतो, बाई. जपत नाही."

*

वत्सलाशी मी सदतीस वर्षं बोलले नव्हते. खरं म्हणजे तीच माझ्याशी बोलत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

ती चांदवडला घाटाखाली राहते. शीतलनं गाडीला पत्ता सांगितला, गाडी आपली आपण निघाली. मला वाटत होतं, कुठंतरी बंद पडेल. मेली एकदा अडली नाही.

वन्सं ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पण पाठ अजून ताठ. बोरगुड्यांची पाठ.

"कोण आहे?"

"मी कौसा."

"कौसा कोण? त्या नावाची माझी एक वहिनी होती. ती सरदाराच्या घरची."

"तीच."

"मग अशा पायी काय आलात? घोडा कुठं बांधला?"

शीतल तोंड फिरवून हसली. मी ओट्यावर बसले, कुणी बस म्हणायची वाट न बघता. गार्गीचं सांगितलं, अक्षराचं सांगितलं, वेलावरच्या लाल पानांचं सांगितलं. वन्संचे हात लसणावर चालूच होते.

"वन्सं, मंदाच्या दहाव्याला मी जे बोलले…"

"काय बोललात?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. पण सदतीस वर्षं मी ते तुमच्या आवाजात ऐकतेय. आज तुम्ही ऐका. म्हणा."

माझ्या जिभेला कधी कुणी अडवलं नाही. त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. शीतल समोर उभी होती. शेवटी मी म्हटलं, शब्द न शब्द, जसं तेव्हा भरल्या मांडवात म्हटलं होतं:

"माझ्या अशोकला विरानं मागून घेतलं. तुमची पोर तुम्ही हयगयीनं घालवलीत."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मंदा बुडाली नसेल, वन्सं. पाण्यात तिचं हृदय थांबलं असेल. तुम्ही काठावर डोळ्यांत तेल घालून बसला असतात तरी तेच झालं असतं. आणि माझ्या अशोकचं पण तेच. मागितलं-बिगितलं कुणी नाही त्याला."

त्यांनी लसणाची परडी बाजूला ठेवली.

"पोहायला मीच शिकवलं होतं तिला. पाठीला भोपळा बांधून. मी दहा हातांवर धुणं धूत होते, वहिनी. तिनं हाक नाही मारली. सदतीस वर्षं मी एवढंच धरून बसलेय, की पोरीनं मला हाक का नाही मारली."

"हाक मारायला शुद्धच नसणार तिला."

वन्संनी पदरानं तोंड पुसलं, मग शीतलकडे हात लांब केला. "घे गं रक्त. मंदाच्या वाट्याचंही घे."

शीतल डॉक्टरणीनं शिकवल्याप्रमाणे सुई लावत असताना मी म्हटलं, "डॉक्टरीण म्हणते, अवेळी गेलेल्याचा एखादा केस मिळाला तर पक्कं होईल. आता तो कुठून आणायचा?"

"विराच्या टाकात आहे की."

"काय?"

"तुम्हाला नाही कुणी सांगितलं? हां, तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. मी सहा वर्षांची होते. पुसून पुसून जुन्या टाकावरचं सगळं झिजलं होतं. आबा मला घेऊन सोनाराकडे गेले, नवा करायला. होळी दोन दिवसांवर आलेली. सोनार म्हणाला, 'हा ठसा माझ्याकडे नाही, नवा कोरायला आठ दिवस लागतील. वीरच आहे ना? मग घोडेस्वाराचा ठसा तयार आहे.' आबा म्हणाले, 'वीर तो वीर. मार घोडा.'"

"म्हणजे सरदार सोनाराचा?" मी विचारलं.

"पण मागची लाख तीच घालायची, ही आपल्या घरची रीत. माझ्यासमोर त्यानं जुनी लाख काढून नव्यात बसवली. तिच्यात केस होते. बारीक, काळे."

"जुन्या टाकावर काय होतं मग?"

"झिजलेलं, काय दिसणार? पण घोडा नव्हता, वहिनी. दोनच पाय होते. घोडा असता तर निदान चार दिसले असते." वन्सं खुदकन हसल्या आणि मग थांबल्या. "माझी आजी धुळवडीला टाक हातात द्यायची ना, तेव्हा दर वेळी एकच सांगायची. 'पाण्यापासून जपा रे तिला.' मला वाटायचं, म्हातारी घोडीबद्दल बोलतेय."

*

घरी आल्यावर दोन दिवस मी देवघरात कुणाला जाऊ दिलं नाही. प्रल्हाद म्हणाला, "आई, देव फोडायचा? गाव काय म्हणेल?" गावाचं मी बघून घेतलं असतं. मला गावाची भीती नव्हती. घोड्यावरचा सरदार खरा असेल, तर माझा अशोक मोठ्या माणसानं मागून नेला. तो खोटा निघाला, तर माझा पोरगा नुसता मेला. मला काहीच कळलं नाही, मी डफ ऐकत उभी होते, आणि तो मेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गार्गी पायरीवर बसलेली दिसली. घरात बसायचं, तरी पायांत पळायचे बूट, नाड्या आवळलेल्या.

"बूट कशाला गं?"

"पाय विसरतील म्हणून," ती म्हणाली.

मी आत गेले आणि टाक पदरात बांधला.

प्रयोगशाळेत वन्संनाही बोलावून घेतलं. तडवीनं समजावलं: लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी केलेला चीक. एकदा थिजला की आत हवा जात नाही, ओल जात नाही; त्यात अडकलेला केस दीडशे वर्षंही टिकेल. पूर्वी केसाचं मूळ असल्याशिवाय काही वाचता यायचं नाही. आताचं यंत्र मजकुराचे चिंध्या झालेले तुकडेही वाचतं आणि जुळवतं, फाटकी गोधडी शिवावी तसं. लाख तापवायची नाही, स्पिरिटमध्ये हळूहळू विरघळवायची. पण आधी चांदीची कडा उचकटावी लागेल.

तिच्या माणसानं चिमटा उचलला. मी म्हटलं, "ठेव तो खाली. हा टाक मी माझ्या हातानं अशोकच्या हातात दिला होता. कडा मीच उचलणार."

वन्संनी खालून माझं मनगट धरलं. चांदी कुरकुरली आणि घोडा सरदारासकट निघून आला.

आत लाख दोन रंगांची होती: कडेला तांबूस, मध्ये काळपट, जुनी. ती विरघळत गेली तशी आधी केसांची वेटोळी दिसली. मग नखाएवढं काहीतरी हिरवं. तडवीनं ते चिमट्यानं उजेडात धरलं.

"काच आहे. पण कसली?"

मी आणि वन्सं एकदमच बोललो. "बांगडी!"

"एवढ्याशा तुकड्यावरून?"

"बाक बघ ना तिचा. पावणेदोनच्या मापाची आहे."

"दोनची, वहिनी."

"पावणेदोनची, वन्सं. मी काय बांगड्या कधी भरल्या नाहीत?"

तडवीनं बाक यंत्रावर मोजला. आमच्या दोघींच्या मापांच्या मधोमध निघाला, म्हणून कुणाचीच हार झाली नाही.

"म्हणजे कितीची मुलगी?" तिनं विचारलं.

"नऊ. फार तर दहा."

ती म्हणाली, यंत्राला वय सांगता आलं नसतं.

अकरा दिवसांनी तिनं सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर वेल होता. केस मुलीचेच होते. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांची सख्खी बहीण. प्रल्हादनं भाटाची वही उघडली आणि ती पिढी काढली. पणजोबांचं नाव, त्यांच्या दोघा भावांची नावं, आणि शेवटी दोन शब्द: कन्या एक. पुढे 'दिली' नाही. इतकी वर्षं आम्ही ते वाचलं आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की ही दिली नाही तर गेली कुठं.

"गार्गीचं तेच अक्षर, त्याच जागी," तडवी म्हणाली. "वत्सलाआजींमध्येही आहे. ज्या नातलगांना आम्ही सरकत्या पट्ट्यावर चालवून तपासलं, त्यांच्यात ज्यांना बदल आहे त्यांच्या हृदयाला जोर पडल्यावर पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ लागतो. ज्यांना नाही, त्यांच्या हृदयाला लागत नाही. आणि जिला तुम्ही नदीत उतरवत नाही, ती ही मुलगी, बहुधा पाण्यातच गेलेली. एकेक पुरावा हलका आहे, पण सगळे एकाच पारड्यात पडलेत. दार नीट उघडत नाही. आता शंका नाही."

शीतलनं गार्गीचा हात पकडला.

"घाबरू नका. कळलंय, हीच चांगली बातमी आहे. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवू, ते ताल बघत राहील आणि सुटला तर सावरेल. आणि रोज एक गोळी. महिन्याभरात थोडं थोडं धावायचं, मग खेळायचं. फक्त पोहायचं नाही."

"मला पोहायला आवडतच नाही," गार्गी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मी विचारलं, "ही गोळी नवीन निघालीय का?"

तडवीनं खुर्ची पुढे ओढली. "नाही, आजी. जुनी आहे. साधी."

"अशोकच्या वेळी होती?"

"होती. कुणाला द्यायची हे माहीत नव्हतं."

वन्संनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी म्हटलं, "वेलावर ज्या ज्या फांदीला हे उतरलं असेल, त्या सगळ्यांचे नंबर दे. तुमच्या पोरांनी फोन केला तर लोक फसवणूक समजून ठेवून देतील. मी करते."

एकवीस घरी फोन केले. निम्म्या जणांना मी कोण हे सांगायला लागलं, आणि ते कोण हेही मीच सांगितलं. नऊ जणांत बदल सापडला. त्यांत पुण्याचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा, रोज पहाटे तलावात उतरणारा. त्याची आई मला म्हणाली, "तुम्ही आमच्या कोण लागता?" मी म्हटलं, "बस, सांगते. वेळ लागेल."

*

माघ सरायच्या आत मी सोनाराकडे गेले. त्याच्याकडे आता ठसे यंत्रावर निघतात, पडद्यावर शंभर घोडेस्वार रांगेनं उभे.

"कोणता मारू, आजी?"

"यातला एकही नको. नवा कोर. परकर नेसलेली पोर, दोन पाय, हातात बांगड्या. आठ दिवस लागले तरी लागू देत, मी होळीच्या तोंडावर आलेली नाही."

उरलेले केस आणि काचेचा तुकडा त्याच लाखेत परत घातला.

धुळवडीला आम्ही निघालो तेव्हा पारावरचा तुकाराम घुले ओरडला, "कौसाबाई, सरदार कुठं गेला?"

"पेन्शनीत गेला," मी म्हटलं. "आता तुमच्या विराचा घोडा तपासून घे जा."

वीर बाप्यांनीच घ्यायचा, अशी रीत होती. वीरच पोर निघाल्यावर ती रीत कुणाच्या तोंडून निघाली नाही. टाक गार्गीच्या हातात होता, अंगात जाळीचं बनियन, छातीवर त्याचा बारीक हिरवा दिवा. डफ वाजत होता आणि ती सावकाश चालत होती, डॉक्टरणीनं सांगितलं होतं तशी. काठावर पोचल्यावर डफ थांबला. पाण्यापासून सात-आठ हातांवर आम्ही उभे राहिलो. दर वर्षी तिथंच उभे राहायचो. यंदा सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं.

मी वन्संचं जुनं लुगडं आणलं होतं, त्याची झोळी केली. प्रल्हादनं एक टोक धरलं, शीतलनं दुसरं. गार्गीनं टाक आत निजवला. नाव ठेवायचा मान आत्याचा. दीडशे वर्षांत या पोरीला आत्या मिळाली नव्हती, पण घरची लेक म्हणून वन्सं होत्या.

आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "मंदा ठेवू का?"

"मंदाचं नाव मंदाला राहू द्या," मी म्हटलं होतं. "हिला हिचं स्वतःचं एक असू दे."

वन्सं झोळीवर वाकल्या आणि चांदीच्या कानात म्हणाल्या, "चिमा." त्या काळातलं नाव, लहानसं, पावणेदोनच्या बांगडीत मावणारं. प्रल्हादनं खिशातून भाटाची वही काढली आणि 'कन्या एक' याच्या पुढे ते लिहिलं.

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत बायकांनी बुक्के घालायचे असतात. सगळ्या जणी माझ्याकडे बघत थांबल्या. मी हात उचलला, आणि सदतीस वर्षं राहून गेलेला बुक्का वन्संच्या त्या ताठ पाठीत घातला.

"अगं आई गं! वहिनी, जीव घेता का?"

"घ्यायचा असता तर एवढ्या लांबून आणलं असतं का तुम्हाला?"

मग शीतलनं घातला, मग सगळ्या हसत तुटून पडल्या. त्या गोंधळात गार्गीनं टाक उचलून खोबऱ्याच्या वाटीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "आजी, घरापर्यंत थोडं पळू?"

मी तिच्या आईकडे पाहिलं. शीतलनं मान डोलावली.

ती निघाली. आधी जरा जपून, मग तिच्या पायांना आठवलं. डफवाला मागून धावत ओरडला, "पोरी, हळू, माझा ठेका चुकतोय!"

वन्सं आणि मी एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. वळणावर ती क्षणभर मागे वळून हसली, आणि छातीवरचा हिरवा दिवा मला इथूनही दिसला, सरळ, न लुकलुकता.

"तुझा चुकत असेल रे," मी ओरडून म्हटलं. "तिचा बरोबर आहे."